नक्षल्यांनी मारलेल्या लोकप्रतिनिधीची बंद झालेली फाईल पुन्हा उघडता येते का?

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. थोडक्यात असा आहे: तुमचे मोठे बाबा गडचिरोली जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीचे सभापती होते. 2009 साली विधानसभा निवडणुकीच्या आधी एका रात्री दलमचे, म्हणजे नक्षल्यांच्या सशस्त्र टोळीचे लोक घरी आले, त्यांना जेवणावरून उठवून घेऊन गेले आणि सकाळी गावाबाहेर रस्त्यावर त्यांचा मृतदेह सापडला. छातीवर दगडाखाली दाबलेलं पत्रक होतं, त्यात ‘पोलिसांचा खबऱ्या’ असं लिहिलेलं. गुन्हा दाखल झाला आणि दोन वर्षांत फाईल बंद झाली. आता मोठमोठे कमांडर शरण येताहेत, त्याचे सोहळे टीव्हीवर लागतात आणि तुमची मोठी आई टीव्ही बंद करून उठून जाते. तुम्ही विचारलंय, ‘आता न्याय मागायचा तर कुणाकडे? की सोडून द्यायचं?’

मी गेली 26 वर्षं विदर्भात फौजदारी वकिली करतो. सुरुवातीची काही वर्षं नक्षल खटल्यांत आरोपींचं वकीलपत्र घ्यायचो, नंतर मारल्या गेलेल्या माणसांच्या घरच्यांची कामं घेऊ लागलो. एकाच प्रकारच्या फायली दोन्ही बाजूंनी वाचल्या आहेत, त्या अनुभवावरून उत्तर देतो. सोडून देऊ नका. पण काही करण्याआधी घरात बसून एक गोष्ट ठरवा: तुम्हाला नक्की काय हवंय?

हे विचारण्याचं कारण आहे. अशा खुनात ‘न्याय’ या एका शब्दात तीन प्रश्न गुंतलेले असतात. गोळी कुणी घातली, मारायचं कुणी ठरवलं, आणि मेलेल्या माणसावर जो शिक्का मारला तो खरा होता का. आपली न्यायव्यवस्था पहिल्या प्रश्नाच्या मागे लागते, तोही जमला तर. दुसऱ्यापर्यंत क्वचित पोचते. तिसरा तर कुणी स्वतःहून विचारतच नाही, आणि माझ्या अनुभवात घरच्यांना सगळ्यात जास्त तोच टोचत असतो.

माझ्याकडे एका माजी सरपंचाची बायको आली होती. मी फाईलची नक्कल काढून तिच्या मुलासमोर घटनास्थळ पंचनामा वाचायला लागलो. पंचांनी पत्रक सापडल्याचं लिहिताना त्यातला मजकूरही जसाच्या तसा उतरवला होता, अवतरण चिन्हं न घालता. म्हणजे ज्यांनी खून केला त्यांचं वाक्य सरकारी कागदावर सरकारच्याच भाषेत बसलं होतं. वाचता वाचता मी थांबलो, तर ती म्हणाली, ‘वकीलसाहेब, फाशी देता आली तर द्या, नाही तर राहू द्या. तो शब्द तेवढा कागदावरून काढा.’ त्या एका शब्दामुळे गावात तिच्या मुलीच्या सोयरिकी मोडल्या होत्या. त्या दिवसापासून मी प्रत्येक कुटुंबाला आधी हाच प्रश्न विचारतो.

आता तुमच्या फाईलकडे येऊ. ‘बंद झाली’ म्हणजे बहुधा पोलिसांनी न्यायालयात ‘अ’ समरी पाठवली आणि ती मंजूर झाली. महाराष्ट्रात तपासाअंती दोषारोपपत्र दाखल करता येत नसेल तर पोलीस समरी मागतात, म्हणजे प्रकरण बंद करायला न्यायालयाची मंजुरी. ‘ब’ समरी म्हणजे फिर्यादच खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा घडला, पण आरोपीचा शोध लागला नाही. हा फरक मोठी आईला समजावून सांगा. तिच्या नवऱ्याचा खून झाला हे पोलिसांनी आणि न्यायालयाने नाकारलेलं नाही. आणि खुनाच्या गुन्ह्याला मुदतीची आडकाठी नाही. नवा पुरावा आला तर ‘अ’ समरीतल्या प्रकरणातही पुढचा तपास होऊ शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम 173(8) होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 193(9) आहे.

नक्कल मिळाली की सगळ्यात आधी फिर्यादीचं नाव बघा. या भागातल्या कितीतरी फायलींत फिर्याद पोलीस पाटलाची किंवा ठाण्याच्याच कर्मचाऱ्याची असते, कारण घरचे त्या सकाळी ठाण्यापर्यंत जायच्या अवस्थेतच नसतात. सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये भगवंत सिंग प्रकरणात सांगितलंय की समरी मंजूर करण्याआधी दंडाधिकाऱ्याने फिर्यादीला नोटीस दिलीच पाहिजे. मृताच्या नातेवाइकांना नोटीस मिळण्याचा तसा हक्क नाही, पण ते हजर झाले तर त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. म्हणून फिर्यादी मोठी आई असेल आणि तिला नोटीस मिळाली नसेल, तर तुमचा मुद्दा भक्कम आहे. फिर्यादी पोलीस पाटील असेल तर हा रस्ता अरुंद होतो आणि नव्या पुराव्यावरच जोर द्यावा लागतो.

नवा पुरावा कुठून येणार? आत्ताचा काळ इथेच महत्त्वाचा ठरतो. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव 60 साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी त्याची बायको तारक्का शरण आली होती. दुसरीकडे माओवाद्यांचा सरचिटणीस बसवराजू 21 मे 2025 रोजी छत्तीसगडच्या अबुझमाडमध्ये मारला गेला आणि त्यांचा कमांडर हिडमा नोव्हेंबरमध्ये आंध्रात. चकमकीत माणूस मेला की त्याच्यापुरता खटला संपतो, आणि त्याने काय ठरवलं, कुणाच्या सांगण्यावरून ठरवलं, हेही त्याच्याबरोबर जातं. तुमच्या मोठ्या आईला शरणागतीचे सोहळे बघवत नाहीत, ते मी समजू शकतो. तरीही वकील म्हणून सांगतो, तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारी माणसं आज जिवंत आहेत आणि पोलिसांच्या नोंदीत त्यांचे पत्ते आहेत. एवढी सोय या जिल्ह्यातल्या कुटुंबांना आधी कधीच नव्हती.

पण इथे एक खड्डा आहे, त्यात बरेच जण पडतात. वर्तमानपत्रात येतं की अमक्याने चौकशीत अमुक हत्यांची कबुली दिली. ती कबुली पोलिसांसमोरची असते आणि पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. चालण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. त्या माणसाचा जबाब दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवला जाणं, जुन्या कलम 164 खाली, आताच्या 183 खाली. किंवा त्याला माफीचा साक्षीदार करणं, आधीचं कलम 306, आताचं 343. माफीच्या साक्षीदाराने सगळं खरं आणि पूर्ण सांगितलं तरच त्याची माफी टिकते, काही दडवलं तर ती जाते. म्हणून तुमच्या अर्जात नुसतं ‘पुन्हा तपास करा’ असं लिहू नका. घटना ज्या दलमच्या हद्दीत घडली त्या दलमच्या किंवा विभागाच्या शरण आलेल्या सदस्यांचे जबाब दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावेत, अशी नेमकी मागणी करा. पत्रकाखाली ज्या समितीचं नाव होतं ती समिती त्या वर्षी कोण चालवत होतं, हेही विचारा.

शरणागती धोरणात खुनासारखे गुन्हे आपोआप माफ होत नाहीत. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर न्यायालयाची संमती लागते. नव्या संहितेच्या कलम 360 मध्ये एक ओळ वाढली आहे: पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय न्यायालयाने खटला मागे घ्यायला परवानगी द्यायची नाही. ही ओळ मी माझ्या अशिलांना मोठ्याने वाचून दाखवतो. 2022 मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे. तुमची मोठी आई आता प्रेक्षकांत बसलेली नाही, ती खटल्यात उभी राहू शकते.

तुम्ही पुढे लिहिलंय, ‘झीरम घाटीत एवढे मोठे नेते गेले, त्यांनाही न्याय मिळाला नाही, आमची काय कथा.’ त्यातून निराश होण्याऐवजी शिकण्यासारखं बरंच आहे. 25 मे 2013 रोजी छत्तीसगडमध्ये सुकम्याची सभा आटोपून काँग्रेसच्या परिवर्तन यात्रेचा ताफा परतत असताना झीरम घाटीत हल्ला झाला. प्रदेशाध्यक्ष नंदकुमार पटेल, त्यांचा मुलगा, बस्तरचे नेते महेंद्र कर्मा, माजी आमदार उदय मुदलियार यांच्यासह सुमारे 30 माणसं गेली. जखमी झालेले विद्याचरण शुक्ल 11 जूनला वारले. कर्मांनी उभारलेल्या सलवा जुडूम या नक्षलविरोधी मोहिमेविषयी माझं मत कठोर आहे, 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांच्या हाती बंदुका देणं घटनाबाह्य ठरवलं ते मला पटतं. पण कुणाच्या राजकारणाबद्दल काय मत आहे यावर त्याच्या खुनाची किंमत ठरवायची नसते, आणि हे मी दोन्ही बाजूंच्या लोकांना सांगतो.

झीरमचा तपास लगेच एनआयएकडे, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला आणि 39 आरोपींवर दोषारोपपत्रं दाखल झाली. घरच्यांचा प्रश्न मात्र वेगळा होता: हल्ल्यामागे यापेक्षा मोठा कट होता का? म्हणून मुदलियारांच्या मुलाने 2020 मध्ये दरभा ठाण्यात कटाची स्वतंत्र फिर्याद दिली. एनआयएचं म्हणणं, तपास आमच्याकडे आहे, हाही आमच्याकडेच द्या. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय करत प्रकरण दिल्लीला गेलं आणि 21 नोव्हेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एनआयएची याचिका फेटाळली, म्हणजे राज्य पोलिसांचा रस्ता मोकळा केला. न्यायिक आयोगाचं तर आणखी वेगळंच झालं. नोव्हेंबर 2021 मध्ये त्याने अहवाल राज्यपालांना दिला आणि राज्य सरकारने नवा आयोग नेमला. कोण तपास करणार एवढं ठरायलाच दहा वर्षं गेली, याचा मला संताप येतो. तरी मुदलियार कुटुंबाची चाल तुमच्या कामाची आहे. एकाच घटनेची दुसरी फिर्याद सहसा चालत नाही, न्यायालयं ती रद्द करतात. पण पहिल्या तपासात न आलेला मोठा कट हा वेगळा विषय मानता येतो. तुमच्याकडे एकट्या मोठ्या बाबांच्या खुनापलीकडचं काही असेल, म्हणजे त्या निवडणुकीआधी त्याच पट्ट्यात इतर सदस्यांनाही धमक्या आल्या, राजीनामे घेतले गेले, तर ते सगळं एकत्र करा. 2012 च्या सुमाराला जिल्ह्यात अनेक लोकप्रतिनिधींनी भीतीने राजीनामे दिले होते. लोकप्रतिनिधीला मारण्यामागे त्याची खुर्ची रिकामी करायची आणि बाकीच्यांना घाबरवायचं, हा हेतू असतो. तो हेतू दाखवता आला की गोळी चालवणारा पोरगा मागे पडतो आणि ठरवणारा समोर येतो.

इथे मला कोलंबियाबद्दल सांगावंसं वाटतं, कारण तुमच्यासारखाच प्रश्न तिथल्या कितीतरी घरांना पडला आणि तिथे तो बऱ्याच पुढे गेला. 1984 च्या शांतता बोलण्यांनंतर तिथे युनियन पॅट्रिओटिका नावाचा डाव्या विचारांचा पक्ष उभा राहिला आणि पुढच्या काळात त्याचे दोन राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार, खासदार, महापौर, नगरसेवक वेचून मारले गेले. 1994 मध्ये सिनेटर मान्युएल सेपेडा यांचा बोगोटामध्ये खून झाला. लष्करातल्या दोन खालच्या दर्जाच्या माणसांना शिक्षा झाली. कुटुंबाने तेवढ्यावर थांबायचं नाकारलं आणि प्रकरण अमेरिका खंडाच्या मानवी हक्क न्यायालयात नेलं. 2010 मध्ये त्या न्यायालयाने कोलंबिया सरकारला जबाबदार धरलं, मागच्या सूत्रधारांचा तपास करायला सांगितलं आणि जाहीरपणे चूक कबूल करायला लावली. 2011 मध्ये सरकारने संसदेत माफी मागितली. जिथे ते सिनेटर म्हणून बसत तिथेच ही माफी मागितली गेली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. माझ्याकडे आलेल्या त्या बाईला हवं होतं ते यापेक्षा वेगळं नव्हतं. पुढे जानेवारी 2023 मध्ये त्याच न्यायालयाचा संपूर्ण पक्षाबाबतचा निकाल जाहीर झाला, त्यात 6,000 हून अधिक पीडित आहेत.

दुसरी बाजूही तिथलीच. 2002 मध्ये फार्क बंडखोरांनी काली शहरातून 12 प्रांतीय आमदारांना पळवलं आणि 2007 मध्ये त्यांच्यातल्या 11 जणांना कैदेत असतानाच मारून टाकलं. 2016 च्या करारानंतर तिथे शांततेसाठी विशेष न्यायपीठ आलं. त्याची रीत अशी की जो पूर्ण खरं सांगेल आणि जबाबदारी घेईल त्याला तुरुंगाऐवजी मर्यादित स्वातंत्र्य आणि भरपाईची कामं, जो दडवेल त्याला नेहमीचा तुरुंग. सप्टेंबर 2025 मध्ये अपहरणांच्या प्रकरणात फार्कच्या सात माजी प्रमुखांना 8 वर्षांच्या अशा शिक्षा झाल्या. अनेक घरांना त्या फार सौम्य वाटल्या आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

तिथला एक प्रसंग मी मुद्दाम सांगतो. रूढीवादी पक्षाचे नेते आल्वारो गोमेस उर्तादो यांना 1995 मध्ये बोगोटातल्या एका विद्यापीठाबाहेर गोळ्या घातल्या. 25 वर्षं खून कुणी घडवला ते कळलं नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये फार्कच्या माजी नेत्यांनी पत्र लिहून सांगितलं, हा खून आम्ही केला. आणि गोमेस यांच्या घरच्यांनी ती कबुली मानायला नकार दिला. त्यांचं म्हणणं, यामागे सत्तेतली माणसं होती आणि ही कबुली त्यांना वाचवायला आली आहे. कुणाचं खरं यावर मी बोलणार नाही. मी एवढंच बघतो की जुळणारा तपशील नसेल तर कबुलीही घरच्यांना शांत करत नाही. म्हणून शरण आलेला कुणी ‘हो, आम्हीच केलं’ म्हणाला तरी तिथे थांबू नका. हत्यार कोणतं होतं, बैठक कुठे झाली, नाव कुणी सुचवलं, खबर कुणी दिली, हे त्याच्याकडून निघू द्या आणि शवविच्छेदन अहवालाशी, पंचनाम्याशी ताडून बघा.

एक बाब फायलीत सहसा दिसत नाही, ती भाषेची. श्रीलंकेत तमिळ खासदार नडराजा रविराज यांचा 2006 मध्ये कोलंबोत खून झाला. दहा वर्षांनी खटला चालला तो सिंहली भाषिक ज्यूरीसमोर, घरच्यांनी हरकत घेतली तरी. 24 डिसेंबर 2016 च्या सुमारास मध्यरात्री पाचही आरोपी सुटले. आपल्याकडे ज्यूरी नाही, पण भाषेचं काय होतं ते मी इथल्या फायलींत पाहिलंय. मोठी आई माडिया या आदिवासी भाषेत बोलली असेल आणि जबाब मराठीत लिहिला गेला असेल, तर तो आधी नीट तपासा. एका जबाबात मी वाचलं होतं, ‘पाच-सहा अनोळखी इसम.’ बाई मात्र मला माडियातून दोघांची नावं सांगत होती, ती तिने पहिल्या दिवशीही सांगितली होती. लिहिणाऱ्याला ती कळली नाहीत किंवा लिहायची नव्हती. म्हणून तिचा नवा जबाब नोंदवाल तेव्हा दुभाषी मागा आणि दुभाष्याचं नाव जबाबावर लिहायला लावा.

कशावर काय अवलंबून आहे, तेही सांगतो. फाईल शिल्लक आहे का? समरी झालेल्या प्रकरणांचे कागद ठराविक काळाने नष्ट होतात, मुद्देमालाचाही तसाच आदेश होतो. तसं झालं असेल तर जिल्हा रुग्णालयातला शवविच्छेदनाचा अहवाल आणि नक्षल हिंसेतल्या मृतांच्या वारसांना मदत देताना पोलिसांनी पाठवलेला अहवाल शोधा. मदत मंजूर झाली असेल तर त्या अहवालात ते निरपराध नागरिक होते असं बहुधा लिहिलेलं असतं. तिसऱ्या प्रश्नासाठी तुमच्या हातातला तो सगळ्यात चांगला कागद आहे. त्यावर बोट ठेवून न्यायालयाला विनंती करता येते की तपासात ते खबरे असल्याचं काहीही आढळलं नाही, हे आदेशात नोंदवावं. आणि समजा त्यांनी कधी पोलिसांना काही सांगितलं असेलही, तरी तो गुन्हा नव्हता आणि त्याची शिक्षा रस्त्यावर देण्याचा हक्क कुणालाही नव्हता.

सुरक्षेचं तुम्हीच ठरवायचंय, बाहेरून मी सांगू शकत नाही. गाव आता कसं आहे, त्या रात्री वाट दाखवायला आलेला माणूस अजून गावातच राहतो का, मोठी आई कुठे राहते, यावर ते आहे. गावातला कुणी साक्ष द्यायला तयार असेल आणि घाबरत असेल, तर साक्षीदार संरक्षणासाठी जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो. आणि मोठी आई थकलेली असेल तर तिची साक्ष आत्ताच नोंदवायचा आग्रह धरा. आरोपी निश्चित झाला आणि तो फरार असेल, तरी त्याच्या गैरहजेरीत साक्ष नोंदवून ठेवता येते, नव्या संहितेत ते कलम 335 आहे. साक्षीदार पुढे हयात नसला तरी ती वापरता येते. माझ्या दोन प्रकरणांत आरोपी सापडला तेव्हा पाहणारं कुणीच उरलं नव्हतं.

तर क्रम असा ठेवा. आधी घरात बसून तीन प्रश्नांपैकी कोणता आधी ते ठरवा, आणि त्यात मोठ्या आईचं मत शेवटचं माना. मग ज्या दंडाधिकाऱ्याने समरी मंजूर केली त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात गुन्हा क्रमांक आणि ठाण्याचं नाव घालून अर्ज द्या: फिर्याद, मरणोत्तर पंचनामा, घटनास्थळ पंचनामा, जबाब, पत्रकाची प्रत, समरीचा आदेश. गुन्हा क्रमांक माहीत नसेल तर ठाण्यात तारखेवरून मिळतो. नक्कल यायच्या आत मोठ्या आईला त्या रात्रीचं तिच्या भाषेत, तिच्या वेगाने सांगू द्या आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. मध्ये प्रश्न विचारू नका. कागद हातात आले की इथे लिहा, फिर्यादीचं नाव काय निघालं ते सांगा, पुढचा अर्ज कसा लिहायचा ते त्यावरून ठरवू.